रस्त्यांचा हिशेब हवा असेल तर माहिती मागू नका, नोंदवही मागा

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो. तालुक्याचे गाव, मध्यम आकाराची नगरपरिषद. तुम्ही चार मित्र. दोघे पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, दोघे गावातच. गेल्या दहा वर्षांत कोणत्या रस्त्यावर किती खर्च झाला हे नकाशावर दाखवणारे संकेतस्थळ करायचे आहे. त्यासाठी 'दहा वर्षांतील सर्व रस्त्यांच्या कामांची संपूर्ण माहिती एक्सेलमध्ये द्यावी' असा माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलात. उत्तर आले की माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, एकत्रित ठेवलेली नाही, सबब कार्यालयात येऊन अभिलेखांचे अवलोकन करावे. आता तुम्ही विचारता की अपिलात जावे, की निविदांच्या संकेतस्थळावरून प्रोग्रॅम लावून सगळे उतरवून घ्यावे. शिवाय या कामात गावात वैर किती येते, हेही.

अपील करा, पण त्याच्या भरवशावर बसू नका. अवलोकनाला जाच. निविदा खेचण्याचा बेत सध्या बाजूला ठेवा. वैराचे शेवटी सांगतो.

तुम्हाला वाटते आहे की माहिती दडवली जाते आहे. दडवत असतीलही. पण तुमच्या अर्जावर प्रामाणिक माणूससुद्धा जवळपास हेच उत्तर देईल, कारण कार्यालयात 'रस्त्यांची माहिती' नावाची वस्तूच नसते. तिथे नोंदवह्या असतात, एकेका कामाच्या संचिका असतात, आणि महिन्याकाठी वर पाठवलेले अहवाल असतात. तुम्ही मागितली ती गोष्ट कोणालातरी नव्याने बसून तयार करावी लागेल, आणि कायदा तेवढे बंधन माहिती अधिकाऱ्यावर घालत नाही. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे: जी माहिती अभिलेखात आहे ती द्यायची, नसलेली गोळा करून किंवा रचून द्यायची नाही. हा निकाल प्रत्येक जन माहिती अधिकाऱ्याला पाठ असतो, कलमे नसतील एक वेळ. म्हणून तुमचे पहिले काम म्हणजे त्या कार्यालयात कोणत्या नोंदी ठेवल्या जातात, कोणाच्या टेबलावर असतात आणि त्यांना तिथले लोक कोणत्या नावाने ओळखतात हे शोधणे. त्या नावाने मागितलेली वस्तू 'उपलब्ध नाही' म्हणणे फार अवघड जाते.

पुढचे सगळे काही अंशी तुमच्या गावावर अवलंबून आहे, हे मान्य करूनच सांगतो. बांधकाम विभागाचा माहिती अधिकारी अभियंता आहे की लिपिक, याने फरक पडतो. अभियंत्याला संचिकेत काय आहे ते माहीत असते, लिपिकाला ती कुठे आहे एवढेच माहीत असते. निवडून आलेले सभागृह आहे की प्रशासक, याने पडतो. सभागृह असेल तर विरोधी बाजूचा एखादा नगरसेवक तुम्हाला आपणहून कागद आणून देईल. ते वाचा, पण त्यावर काही छापू नका, त्याच कागदाची प्रमाणित प्रत स्वतः मागा. आणि तुमच्यापैकी गावात राहणारे दोघे कामाच्या दिवशी दुपारी दोन तास काढू शकतात का, हा सर्वांत मोठा प्रश्न आहे. पुण्यात बसून हे काम होत नाही. पुण्यातल्या दोघांची पाळी नंतर येते.

आता कायद्याचे, गरजेपुरते. माहिती 'विस्तृत' आहे म्हणून नाकारता येत नाही. कलम ७(९) एवढेच सांगते की मागितलेल्या स्वरूपात देण्याने कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागत असेल तर स्वरूप बदलता येते. म्हणजे एक्सेलऐवजी अवलोकन, हे त्या कलमात बसू शकते. 'देत नाही' बसत नाही. तुम्हाला अवलोकन देऊ केले आहे, त्यामुळे अपिलात तुमची बाजू वाटते तितकी भक्कम नाही. तरी प्रथम अपील करा. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे, अपिलाचा नमुना म्हणजे जोडपत्र 'ब', आणि २० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प एवढाच खर्च. अपिलात 'सर्व माहिती द्या' असा हट्ट धरू नका. 'रस्त्यांच्या कामांच्या नोंदी कोणकोणत्या नोंदवह्यांत ठेवल्या जातात त्यांची नावे आणि त्या ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांचे पदनाम द्यावे' अशी मागणी ठेवा. कोणी म्हणेल हा नवा विषय झाला. झाला तर झाला, सुनावणीत तोंडी तरी उत्तर मिळते. प्रथम अपिलाच्या सुनावणीचा मला सर्वांत जास्त उपयोग याच कामी झाला आहे. अपिलीय अधिकारी, माहिती अधिकारी आणि तुम्ही एका टेबलाभोवती बसता, आणि साहेब विचारतात, "अहो, ते रजिस्टर आपल्याकडे असतं ना?" त्या एका वाक्यात तुमच्या पुढच्या अर्जाचा मसुदा तयार होतो.

राज्य माहिती आयोगाकडे जाणाऱ्या द्वितीय अपिलावर मात्र योजना आखू नका. सतर्क नागरिक संघटना देशभरातल्या माहिती आयोगांच्या कामाचा आढावा दरवर्षी काढते. तिच्या २०२३ च्या अहवालात महाराष्ट्राच्या आयोगापुढची प्रलंबित प्रकरणे एक लाखाच्या वर होती, देशात सर्वाधिक. तुमचा क्रमांक येईपर्यंत तो रस्ता पुन्हा एकदा खोदून झालेला असेल. तत्त्वाचा मुद्दा असेल तर ९० दिवसांत दाखल करून ठेवा आणि विसरून जा.

अवलोकनाला लोक कमी लेखतात, 'या आणि बघून जा' म्हणजे बोळवण समजतात. माझा अनुभव उलटा आहे. झेरॉक्सच्या सहाशे पानांपेक्षा दोन तासांचे अवलोकन जास्त शिकवते, कारण कोणती पाने कामाची आहेत हे तिथे कळते. राज्य शासनाने २०१८ मध्ये जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असे सांगितले आहे; पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीच सुरू झाली होती. तुमच्या नगरपरिषदेत हे कोणी ऐकलेलेही नसेल, तर परिपत्रकाची प्रत सोबत न्या. आदल्या आठवड्यात एक साधे पत्र द्या, कोणत्या कामांच्या संचिका पाहायच्या आहेत ते लिहा, मोबाइलने फोटो काढणार असल्याचेही लिहा, आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच घेतलेल्या पत्राने जेवढे काम होते तेवढे भांडणाने होत नाही.

तिथे गेल्यावर संचिका कशी वाचायची, हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचा सगळा तक्ता यातूनच निघणार आहे.

एका कामाचा प्रवास साधारण असा असतो. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग मोजमाप पुस्तिका, देयके, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, पूर्णत्वाचा दाखला. शेवटी दोष दायित्व कालावधी (ज्यात दुरुस्ती ठेकेदारावर असते) संपल्यावर ठेकेदाराची सुरक्षा ठेव परत. मान्यतेचे कागद कधीकधी मागेपुढे असतात, घाबरू नका. मात्र कार्यारंभ आदेशाच्या आधीच्या तारखेचे मोजमाप दिसले तर थांबा आणि फोटो काढा.

यात मोजमाप पुस्तिका, सगळे ज्याला नुसते एमबी म्हणतात, ती सर्वांत मोलाची. त्यात कनिष्ठ अभियंत्याने जागेवर घेतलेली लांबी, रुंदी, जाडी असते, आणि वरच्या अभियंत्याने तपासल्याची सही असते. देयक त्यावरून निघते. म्हणजे नगरपरिषदेने कशाचे पैसे दिले हे एमबी सांगते. बाकीचे कागद काय करायचे ठरले होते ते सांगतात. एमबीमध्ये रस्त्याची लांबी २४० मीटर लिहिली असेल आणि तुमच्या टेपने ती १८० भरत असेल, तर तुम्हाला कोणाच्याही मुलाखतीची गरज नाही. पण त्यावर लगेच 'घोटाळा' असेही लिहू नका. बाजूची गल्ली त्याच कामात धरलेली असू शकते. आधी लेखी विचारा.

रकमांच्या बाबतीत एक सावधगिरी. एकाच कामाला तीन आकडे असतात: अंदाजपत्रकाची रक्कम, निविदेत मान्य झालेली रक्कम, आणि अंतिम देयकाची रक्कम. ठेकेदाराने दहा-पंधरा टक्के कमी दराने काम घेतलेले असू शकते. अर्धे काम होऊन पुढचे रद्द झालेले असू शकते. 'खर्च' म्हणायचे ते फक्त अंतिम देयकाला. निविदांच्या संकेतस्थळावरून प्रोग्रॅमने आकडे खेचू नका म्हणालो ते यासाठी. महाटेंडरवर तुम्हाला निविदा दिसेल, कोणाला मिळाली हेही मिळू शकेल, पण पैसे किती गेले हे तिथे कळत नाही. अंदाजपत्रकाचा आकडा खर्च म्हणून नकाशावर टाकला की पहिल्याच आठवड्यात नगर अभियंता ती चूक दाखवून देईल, आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. निविदांची यादी उपयोगी आहे, पण कोणत्या संचिका मागायच्या हे ठरवण्यापुरती.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक कार्यालय वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवते. निधी कोणत्या योजनेचा, काम कोणते, मान्यता कधी, भौतिक प्रगती किती, आर्थिक प्रगती किती. हे मासिक प्रगती अहवाल जिल्हा प्रशासनाकडे जातात, संचालनालयाकडे जातात, आणि ते संगणकावरच तयार होतात. म्हणजे तुम्हाला हवा असलेला तक्ता कोणीतरी दर महिन्याला भरतोच आहे, तुमच्यासाठी नाही एवढेच. तोच मागा. 'मासिक प्रगती अहवालाच्या प्रती, ज्या स्वरूपात संगणकावर साठवल्या आहेत त्याच स्वरूपात ई-मेलने' अशी मागणी करा. कलम २(ञ) मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवण्याचा हक्क स्पष्ट दिला आहे, आणि इथे काहीही नव्याने तयार करायचे नसल्याने २०११ चा तो निकालही आड येत नाही. खालच्या कार्यालयाने टाळाटाळ केली तर हाच अहवाल वरच्या कार्यालयाकडे मागा. तिथल्या माणसाला तुमच्या गावच्या ठेकेदाराशी काही देणेघेणे नसते.

अर्ज लहान ठेवा. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एक अर्ज एक विषय आणि शब्दमर्यादा १५० अशी अट आहे. ती अट जाचक आहे असे माझे मत होते आणि आहे, पण तिच्यामुळे नेमके मागायची शिस्त लागते, हेही खरे.

मिळालेल्या गोष्टी तक्त्यात भरताना पुण्यातल्या दोघांची खरी परीक्षा आहे. मराठी कार्यालयातला डेटा म्हणजे निम्मे काम फॉन्टचे. जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या निघतात. दिसायला देवनागरी, उतरवून घेतले की भलतीच अक्षरे. परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतात, पण जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात, म्हणून माणसाने ओळीओळीने तपासावे लागते. स्कॅन केलेल्या कागदावरून अक्षरओळख लावली तर आकडे तपासल्याशिवाय वापरू नका. देवनागरी १ आणि ९, ५ आणि ६ यांची गल्लत एका रकमेत किती लाखांची होते ते बघाच.

फॉन्टनंतर नावे. एकच ठेकेदार चार प्रकारे लिहिलेला सापडेल: कधी 'मे.' लावून, कधी 'कन्स्ट्रक्शन', कधी 'कन्ट्रक्शन', कधी नुसते मालकाचे आडनाव. रस्त्यांचे तर विचारूच नका. 'मारुती मंदिर ते जुना जकात नाका' आणि 'शाळा क्र. २ ते जकात नाका' हे एकच काम की दोन, हे संगणक सांगू शकत नाही, पण त्या गल्लीतला दूधवाला सांगतो. प्रभागांची रचना निवडणुकीगणिक बदलते, म्हणून प्रभाग क्रमांकाला कायमची ओळख मानू नका. प्रत्येक कामाला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या, कार्यारंभ आदेशाचा जावक क्रमांक आणि दिनांक जोडा, आणि रस्त्याची दोन्ही टोके फोनवरून अक्षांश-रेखांशासह टिपून ठेवा. मूळ कागदाचा फोटो त्या ओळीला जोडलेला असलाच पाहिजे. ज्या आकड्यामागे कागद नाही तो तक्त्यात नको, कितीही खात्रीचा असला तरी.

नकाशाच्या तांत्रिक बाजूला मदत हवी असेल तर डेटामीट नावाचा गट २०११ पासून आहे. भारतातल्या सीमा आणि स्थळांचा खुला डेटा स्वयंसेवकांनी तिथे बराच जमवला आहे. प्रश्न विचारलात तर लोक उत्तरे देतात.

आता तुमच्या मूळ कल्पनेबद्दल, थोडे स्पष्ट बोलतो. 'कोणत्या रस्त्यावर किती खर्च' हा नकाशा दिसायला छान दिसेल, लोक एकदा बघतील, आपल्या गल्लीचा आकडा पाहून 'एवढे?' म्हणतील आणि पुढे जातील. त्या माहितीने त्यांना करण्यासारखे काही हाती लागत नाही. मी तुमच्या जागी असतो तर एकच रकाना मुख्य केला असता: दोष दायित्व कालावधी कधी संपतो. या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि तोवर त्याची ठेव नगरपरिषदेकडे अडकलेली असते. हा कालावधी किती, ते त्या त्या निविदेत लिहिलेले असते. 'तुमच्या दारातला रस्ता अमुक ठेकेदाराने केला, अमुक तारखेपर्यंत दुरुस्ती त्याच्यावर बंधनकारक आहे' हे वाक्य माणसाला मिळाले की तो खड्ड्याचा फोटो काढून मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देतो. एका नगरपरिषदेत आमच्या गटाने एवढीच यादी काढून चौकातल्या सूचनाफलकावर लावली होती. नकाशा नव्हता, संकेतस्थळ नव्हते. मुदत संपत आलेल्या रस्त्यांवर डांबराच्या गाड्या दिसू लागल्या.

खुल्या डेटाची चर्चा पोर्टलपासून सुरू होऊन पोर्टलपाशीच संपते, हे मला खटकते. केंद्राचे डेटा सामायिकीकरणाचे धोरण २०१२ चे, डेटा डॉट जीओव्ही डॉट इनही त्याच वर्षीचे, वापराचा खुला परवाना २०१७ चा. कागदावर सगळे आहे. पण तिथे बहुतेक आकडे राज्याचे किंवा जिल्ह्याचे. आपल्या गल्लीचे गटार त्यात सापडत नाही. याउलट राजस्थानात मजदूर किसान शक्ती संगठनने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली जनसुनवाई घेतली तेव्हा संगणकाचा प्रश्नच नव्हता. पंचायतीच्या कामांचे हजेरीपट आणि बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली, आणि ज्यांच्या नावावर मजुरी निघाली होती त्यांनी उठून सांगितले, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. १९९६ मध्ये ब्यावरला माहितीच्या हक्कासाठी चाळीस दिवसांचे धरणे झाले, पुढे देशाचा कायदा झाला, आणि २०१९ मध्ये राजस्थान सरकारला जन सूचना पोर्टल काढावे लागले, ज्यावर योजनांची माहिती गावपातळीपर्यंत बघता येते. क्रम लक्षात घ्या: आधी वाचन, पोर्टल पंचवीस वर्षांनी.

कागदावरून तक्ता करण्याचे कष्ट व्यर्थ जातात असे मात्र मुळीच नाही. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे हे त्याचे उत्तम उदाहरण. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधील काही प्राध्यापकांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली, २००२ आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आले, आणि गुन्हे, मालमत्ता, शिक्षण जाहीर करणे उमेदवारांना बंधनकारक झाले. ही प्रतिज्ञापत्रे स्कॅन केलेली, अनेकदा हाताने भरलेली. ती वाचून, आकडे भरून तुलना करता येईल अशी मांडण्याचे काम ती संस्था निवडणुकीमागून निवडणूक करत आली आहे. मुंबईत प्रजा फाउंडेशन महापालिकेकडून माहिती अधिकारात आकडे घेऊन नागरी तक्रारींचे अहवाल काढते. दोघांनीही एकच प्रकारचा कागद निवडला आणि वर्षानुवर्षे तोच धरला. तुम्हीही तेच करा: एक प्रभाग, एक आर्थिक वर्ष, एकच प्रकारचे काम.

आणि कृपा करून तुमच्या गावातला जुना माहिती अधिकार कार्यकर्ता शोधा. प्रत्येक तालुक्यात एखादे निवृत्त शिक्षक किंवा वकील असतात, ज्यांच्या घरी दोन कपाटे भरून प्रमाणित प्रती असतात आणि ज्यांना कोणत्या टेबलावर काय मिळते हे तोंडपाठ असते. त्यांना एक्सेल येत नाही. तुम्हाला नमस्कार करून बसायला येत नाही. आपल्याकडे माहिती अधिकारवाले आणि डेटावाले ही दोन वेगळी जगे झाली आहेत, आणि त्यात दोघांचेही नुकसान आहे. त्या काकांच्या कपाटात तुमच्या दहा वर्षांपैकी निम्मी वर्षे पडून असतील.

वैयक्तिक माहितीबद्दल. 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३' मधल्या तरतुदीने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध नाही किंवा खाजगीपणावर अकारण घाला येतो, असे काही दाखवावे लागे. आता वैयक्तिक आहे एवढे म्हणणे पुरते. व्यापक जनहिताचे कलम ८(२) अजून शाबूत आहे. रस्त्यांच्या कामात याचा त्रास कमी व्हायला हवा, कारण सार्वजनिक पैशातून केलेला करार आणि त्याची देयके ही कोणाची वैयक्तिक बाब नाही. तरी 'त्रयस्थ पक्ष' आणि 'वैयक्तिक' हे दोन शिक्के तुमच्या अर्जावर उमटतील अशी तयारी ठेवा, आणि नाकारण्याचे समर्थन करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार अधिकाऱ्याची आहे, हे अपिलात लिहा. तुमच्या बाजूनेही पथ्य पाळा. संचिकेत मजुरांची नावे, आधार क्रमांक, बँक खाती, तक्रारदारांचे पत्ते सापडतात. ते तुमच्या संगणकावर येऊच देऊ नका. फोटो काढतानाच झाका.

आता वैराचे. हा धोका मी हसण्यावारी नेणार नाही. तळेगाव दाभाडे इथे जमीन व्यवहार उघड करणारे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, पण तो अमलात आणलेला नाही. प्रभागातल्या डांबरी रस्त्याचा हिशेब आणि कोट्यवधींची जमीन यांत फरक आहे, हेही खरे. तरी काही सवयी पहिल्या दिवसापासून लावा. अर्ज एकाच माणसाच्या नावाने जाऊ देऊ नका, चौघांनी आणि शक्यतो आणखी काही नागरिकांनी आळीपाळीने द्या. अवलोकनाला दोघे जा. मिळालेले कागद त्याच दिवशी चौघांकडे पोचवा आणि लवकर जाहीर करा. जे सगळ्यांना माहीत झाले ते दाबण्यासाठी एकट्याला धमकावून उपयोग नसतो. ठेकेदार 'एकदा बसून बोलू' म्हणाला तर नगरपरिषदेच्या कार्यालयात बसून बोला, हॉटेलात नाही. आणि एकदा दिलेला अर्ज समजुतीने मागे घेऊ नका. मागे घेतलेल्या एका अर्जावरून 'हे ब्लॅकमेलर आहेत' ही आवई वर्षभर पुरते, आणि आपल्याकडे असे अर्ज मागे घेऊन पोट भरणारे लोक आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही, म्हणूनच ती आवई चिकटते.

तर क्रम असा ठेवा. मुदत संपण्याआधी प्रथम अपील, त्याच आठवड्यात अवलोकनाचे पत्र, आणि सोबत १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडपत्र 'अ' मध्ये नवा अर्ज. त्याचा मजकूर साधारण असा:

"विषय: प्रभाग क्र. ... मधील सन २०२४-२५ या आर्थिक वर्षातील रस्ते कामे. १) बांधकाम विभागाच्या कामांच्या नोंदवहीतील सदर प्रभागाच्या नोंदींच्या प्रमाणित प्रती. २) सदर कामांचे कार्यारंभ आदेश आणि अंतिम देयके यांच्या प्रमाणित प्रती. ३) सदर कामांच्या मोजमाप पुस्तिकांचे अवलोकन. ४) वरिष्ठ कार्यालयांना सदर वर्षात सादर केलेले मासिक प्रगती अहवाल, संगणकावर ज्या स्वरूपात उपलब्ध आहेत त्या स्वरूपात ई-मेलने."

यात 'का', 'कसे', 'कोण जबाबदार' असे काहीही विचारलेले नाही. तसे प्रश्न विचारले की उत्तर 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असे येते आणि महिना जातो. प्रतींचे शुल्क पानाला २ रुपये आहे. एका प्रभागाचे एक वर्ष तुमच्या खिशाला सहज परवडेल. ३० दिवस उलटून उत्तर आले तर कलम ७(६) प्रमाणे प्रती विनामूल्य मिळायला हव्यात, शुल्क मागितले तर ते कलम दाखवा.

कामांची नोंदवही ठेवलेलीच नाही, असे उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे. तोंडी सांगितले तर लेखी मागा. अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे बंधन कलम ४(१)(क) ने २००५ पासून घातलेले आहे. नगरपरिषदेने रस्त्यांवर पैसे खर्च केले आणि त्यांची नोंदवही नाही, हे सही-शिक्क्यानिशी हातात आले की ते पत्र मुख्याधिकारी, जिल्हाधिकारी कार्यालय आणि गावातले वार्ताहर या तिघांना एकाच दिवशी द्या. नोंदवही साधारण पंधरवड्यात सापडते.